जुनी गाडी घेताना मॉडेल नंतर, आधी तिची निगा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ५ माणसं, त्यात दोन लहान मुलं (धाकटी अजून चाइल्ड सीटमधली) आणि गुडघे दुखणारी आई. पहिलीच गाडी, पैसे ठरलेले आणि त्याच्यावर एक दमडी जास्त नाही. समोर दोन गाड्या आहेत, एक १२ वर्षं जुनी मोठी डिझेल ऑटोमॅटिक, एकेकाळची महागडी, सनरूफ, लेदर सीट सगळं असलेली, आणि दुसरी ६ वर्षं जुनी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, एकाच मालकाच्या हातची, सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. किंमत जवळपास सारखीच. रोजचं फिरणं शाळा, ऑफिस मिळून १५-२० किलोमीटर, वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवास. कुठली घ्यावी?

मी २२ वर्षं गॅरेजमध्ये काढलीत आणि गेली काही वर्षं लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो, त्यामुळे उत्तर आधीच सांगतो, हॅचबॅक, पण ती खरंच तशी आहे का हे बघून. आणि का ते नीट सांगतो कारण उद्या ही गाडी हातची गेली तर तिसरी बघताना तुम्हाला ते कामाला येईल.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी उतरते पण तिच्या पार्टची उतरत नाही. ती मोठी गाडी आज तुमच्या बजेटमध्ये बसतेय म्हणून ती तुमच्या बजेटची गाडी झाली असं नाही, तिचा इंजेक्टर, तिचा टर्बो, गिअरबॉक्सचं काम, हे सगळं अजून त्या महागड्या गाडीच्याच भावाने येतं. १२ वर्षांच्या गाडीत रबर कडक झालेलं असतं, वायरिंग ठिसूळ झालेलं असतं, आणि जेवढे फीचर जास्त तेवढ्या बंद पडायच्या जागा जास्त. आधीच्या मालकाने ती आत्ताच का काढली हाही प्रश्न आहेच, बऱ्याचदा मोठा खर्च समोर दिसला की माणूस गाडी विकायला काढतो.

दुसरं, डिझेल. तुमचं रोजचं फिरणं छोटं छोटं आहे, आणि आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. ती काजळी आतल्या आत जाळून टाकायला एक्झॉस्टचं तापमान चांगलं ५५०-६०० डिग्रीच्या घरात जावं लागतं आणि ते बराच वेळ टिकावं लागतं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी चालली पाहिजे. ४-५ किलोमीटर जायचं, बंद करायची, परत ४-५ किलोमीटर, असं केलं की फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, एक दिवस गाडी पिकअपच घेत नाही, आणि तो फिल्टर बदलायचा खर्च ऐकून लोक खाली बसतात. जो रोज ७०-८० किलोमीटर हायवेला चालवतो त्याने डिझेल जरूर बघावी. तुमच्यासाठी पेट्रोलच.

आता पैशाचं. जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. एकूण रकमेचे ७ भाग करा, ६ भागात गाडी आणि कागदपत्रं, सातवा भाग बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. गाडी कितीही चांगली असली तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, कदाचित बॅटरी, कदाचित टायर हे निघतंच. ब्रेक ऑइल तर हवेतलं पाणी शोषून घेतं, साधारण २ वर्षांनी बदलायला सांगतात आणि जुन्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं हे कोणालाच आठवत नसतं. घाटात लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. मागच्या सीटवर आपली मुलं असताना हा धोका कोणी घेऊ नये.

मी स्वतः हे शिकलो ते फार वाईट पद्धतीने. गॅरेजला लागून वर्षच झालं होतं, घरासाठी पहिली गाडी घेतली, विकणाऱ्याने सांगितलं टायमिंग बेल्ट (इंजिनमधले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणारा पट्टा) आत्ताच बदललाय, बिल कुठेतरी ठेवलंय, देतो. मी विश्वास ठेवला. तिसऱ्या आठवड्यात रात्री चालत्या गाडीत बेल्ट तुटला, मागे बायको आणि आमची लहान मुलगी. खूप इंजिनांमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, बेल्ट तुटला की टायमिंग सुटतं आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. माझे सगळे व्हॉल्व्ह वाकले. हेड उतरवलं तेव्हा बेल्टचे तुकडे हातात घेऊन बघितले, कडांना धागे सुटलेले, पाठीवर बारीक बारीक आडव्या भेगा, तो बेल्ट कित्येक वर्षांत कोणी बघितलासुद्धा नव्हता. तेव्हापासून माझा एकच नियम, बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही. कोणी कितीही चांगला माणूस असो. बेल्टवाली गाडी असेल आणि बदलल्याचा कागद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला, आणि गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी तो बदला. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि किलोमीटरबरोबर वर्षंही दिलेली असतात, उभ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. बेल्टऐवजी चेन असेल तर सकाळी गार इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखडाट होतो का तो ऐका.

गार इंजिन म्हटलं ते महत्त्वाचं आहे. गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी बाकी कितीही छान दिसलं तरी परत यायचं, दुसऱ्या दिवशी जायचं. कारण गाडीचे बरेचसे आजार गार इंजिनमध्येच दिसतात. चालू करताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, फक्त चालू करताना भपकन येऊन गेला तर बऱ्याचदा व्हॉल्व्ह सील, रेस केल्यावर येत राहिला तर पिस्टन रिंग किंवा टर्बो असेल तर तोही. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीये. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येतो ती नुसती वाफ असते, घाबरू नका, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा येतोय आणि गोडसर वास आहे तर कूलंट आत जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय, तिथून निघून यायचं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर असला तरी तोच संशय, पण फक्त थंडीत छोटं छोटं चालवलेल्या गाडीतही तसा थोडा थर धरतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, कूलंटच्या टाकीची पातळी, त्यात ऑइलचा तवंग आहे का, हेही बघा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना उघडायचं नाही, भाजतं.

चावी फिरवल्यावर इंजिन चालू व्हायच्या आधी डॅशबोर्डवरचे दिवे बघा. लोक इथे चुकतात, लोकांना वाटतं दिवा लागला नाही म्हणजे चांगलं. उलट आहे. इंजिनचा दिवा, एअरबॅगचा, एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम), हे चावी दिल्यावर लागले पाहिजेत आणि थोड्या वेळाने, इंजिनचा मात्र इंजिन चालू झाल्यावर, विझले पाहिजेत, म्हणजे दिवा जिवंत आहे आणि सिस्टिमही ठीक आहे. जो लागतच नाही तो कोणीतरी काढलाय किंवा झाकलाय, आणि एअरबॅगचा दिवा काढलेला असला तर बहुधा एअरबॅग एकदा उघडून गेलेली असते आणि परत बसवलेलीच नसते.

साधा ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र मिळतं, मोबाइलला ब्लूटूथने जोडलं जातं, ते घेऊन जा किंवा कोणाचा मागून न्या. एरर कोड दिसतातच, पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणाऱ्या नोंदी. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की हे मॉनिटर शून्यावर येतात आणि परत तयार व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. तेव्हा कोड एकही नाही पण मॉनिटर सगळे 'तयार नाही' दाखवतायत, तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसलेत असं समजा. विचारा, बॅटरी बदलली का? बदलली असेल तर बिल असेल.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, डिजिटल मीटरही मागे जातो. आकडा आणि गाडीची झीज जुळते का ते बघायचं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय, स्टेअरिंगचं लेदर चकाकतंय आणि मीटर म्हणतो २८ हजार, हे जमत नाही. तसंच नवंकोरं पेडल रबर आणि नवं स्टेअरिंग कव्हर हेही संशयाचंच. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, ३५१९ असेल तर २०१९ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर. कंपनीतून आलेले टायर साधारण गाडी बनायच्या आसपासच्या तारखेचे असतात. आता गाडी २०१७ ची, चारही टायर २०२० चे आणि तेही अर्धे झिजलेले, आणि मीटर ३० हजार? मग पहिले टायर इतक्या लवकर का संपले? असे प्रश्न एकातून एक निघत जातात. आणि टायरच्या नक्षीच्या खोबणीत आडव्या उंचवट्यांसारख्या खुणा असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला म्हणजे १.६ मिलिमीटरला आली की टायर संपला. नक्षी भरपूर आहे पण टायर १० वर्षांचा आहे तर तोही संपलेलाच धरा, ती तारीख स्टेपनीवरही बघा.

अपघात ओळखायला मी आधी उजेडात गाडीच्या एका कोपऱ्यावर उकिडवा बसतो आणि पत्र्याच्या कडेने सरळ रेषेत नजर टाकतो, लांबी (पत्र्याचा खड्डा भरायची पुट्टी) भरून रंगवलेल्या भागात प्रतिबिंब थोडं लाटेसारखं दिसतं. मग दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टची डोकी बघा, रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. पेंटची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनमध्ये असतो, लांबी भरली की आकडा कित्येक शेकड्यांत किंवा हजाराच्या पुढे जातो. आता एक नीट समजून घ्या, बंपर रंगवलेला, दाराला एक डेंट काढलेला, हा काही गुन्हा नाही, गर्दीत चालणाऱ्या गाडीला हे होणारच, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका, भाव कमी करा फार तर. सोडायची ती गाडी जिचा सांगाडा वाकलाय. त्यासाठी डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीचा खड्डा बघा, तिथे सुरकुती, वेगळं वेल्डिंग, वेगळा सीलंट दिसला तर मागून जोरात बसलंय. पुढे रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती सरळ आहे का.

पाण्यात बुडलेली गाडी हा सगळ्यात फसवा प्रकार. मागे एक जोडपं मला सात सीटर दाखवायला घेऊन गेलं होतं, आतून इतकी स्वच्छ की सीटला हात लावताना संकोच वाटावा, एअर फ्रेशनरचा घमघमाट, इंजिन शांत. मी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत काढला. शेवटचा वीतभर भाग, जो एरवी कधी बाहेरच येत नाही, तिथे आडवी तपकिरी रेघ होती आणि तिच्या खालचा पट्टा हाताला पिठासारखा कोरडा लागत होता, बोटांवर बारीक माती आली. तेवढी रेघ कोणी धुतली नव्हती कारण तिथपर्यंत कोणी पट्टा ओढतच नाही. मग सीट ज्यावर सरकते त्या खालच्या रुळांचे बोल्ट बघितले, गंजलेले. कार्पेटचा कोपरा उचलला, खालचा फोम ओलसर. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला कारण टोकन त्या आदल्या दिवशी देऊन आल्या होत्या. बुडलेल्या गाडीचं वायरिंग आतून कुजत राहतं, आज नाही सहा महिन्यांनी एकेक कनेक्टर मरायला लागतो आणि एअरबॅगचं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. सगळे पट्टे पूर्ण ओढा, हे २ मिनिटांचं काम आहे. आणि तपासणी व्हायच्या आधी टोकन देऊ नका, कोणी कितीही म्हणो की दुसरं गिऱ्हाईक दारात आहे.

चालवून बघताना चांगला अर्धा तास घ्या, फक्त गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही. रेडिओ बंद, काचा खाली. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, टकटक आली तर एक्सलचा जॉइंट. वेगात घूंsss असा आवाज येतोय आणि वळणावर कमी-जास्त होतोय तर चाकाचं बेअरिंग. क्लचसाठी चौथ्या गिअरला कमी वेगात असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाहीये तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नसताना जोरात ब्रेक, गाडी एका बाजूला खेचते का, आणि नेहमीसारखा हलका ब्रेक दाबताना पेडल थरथरतं का (डिस्क वाकडी). परत आल्यावर बंद करू नका, एसी लावून १० मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा लागला पाहिजे आणि तापमानाचा काटा मधेच राहिला पाहिजे. खाली वाकून गळती बघा, एसीचं साधं पाणी पडतं ते चालतं. मग बंद करून लगेच परत चालू करा. ऑटोमॅटिक असेल तर रिव्हर्स-ड्राइव्ह करताना झटका किंवा उशीर लागतो का एवढं मुख्य, आणि गिअर ऑइल कधी बदललं ते विचारा, 'लाइफटाइम आहे' असं उत्तर मला पटत नाही, ज्या गिअरबॉक्सची ऑइलं बदलली गेली ते जास्त जगलेले मी बघितलेत.

कागदपत्रांचे नियम जिथले तिथे वेगळे, पण चेसिस नंबर सगळीकडे आहे, १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांवर १७ अक्षर-आकड्यांचा, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. तो काचेखाली, दाराच्या खांबावर, बॉडीवर आणि कागदावर तंतोतंत एकच पाहिजे, आजूबाजूला घासलेलं, वेल्ड केलेलं नको. गाडीवर कर्ज बाकी नाही ना याची खात्री पैसे द्यायच्या आधी. आणि त्याच नंबरवरून कंपनीकडे विचारा की काही रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल जगातला सगळ्यात मोठा, कित्येक ब्रँडच्या कोट्यवधी गाड्यांना लागू, उष्णता आणि दमटपणाने आतलं रसायन बिघडून एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे आणि त्यात माणसं गेली आहेत. २००० नंतरच्या दीड दशकातल्या बऱ्याच गाड्यांत त्या होत्या, काम फुकट करून देतात, तरी अनेक जुन्या गाड्या ते न करताच हातोहात विकल्या गेल्या. तुमची ती १२ वर्षांची मोठी गाडी याच वयातली आहे, म्हणून तिचा विचार करणारच असाल तर आधी हे.

सुरक्षेबद्दल अजून एक, एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि वरच्या व्हेरिअंटमध्ये एअरबॅग आणि ईएससी म्हणजे गाडी घसरताना सावरणारी सिस्टिम असण्या-नसण्याचा फरक असू शकतो, त्यामुळे मॉडेलचं नाव ऐकून समाधान मानू नका, त्याच गाडीत काय आहे ते बघा. सनरूफ, मोठी स्क्रीन यावर पैसे घालण्यापेक्षा ईएससी असलेला व्हेरिअंट शोधायला महिनाभर थांबलात तरी चालेल. क्रॅश टेस्टचे स्टारही सालासकट वाचा, नियम दर काही वर्षांनी कडक होतात, जुन्या सालचे ५ स्टार आणि आत्ताचे ५ एकच नाहीत. धाकटीसाठी मागच्या सीटवर आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायचे, हुक आहेत का ते बोट घालून चाचपा, आणि तिची सीट मागे तोंड करणारी असेल तर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही ठेवायची नाही, कधीच नाही.

गाडी बघायला आईंना घेऊन जा. त्यांना न सांगता दार उघडून बसू द्या आणि उतरू द्या, तुम्ही फक्त बघा. हॅचबॅकची सीट खाली असली तर गुडघे पोटाशी येतात आणि उतरताना दाराला धरून उठावं लागतं. त्या हातावर जोर देऊन उठल्या तर तशीच साधी गाडी थोड्या उंच सीटच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये शोधा, तुमच्या बजेटमध्ये ६-७ वर्षांच्या साध्या उंच हॅचबॅक मिळतात. चाइल्ड सीट लावल्यावर मागे मोठा मुलगा आणि आई दोघं नीट बसतात का हेही तिथेच, खरी सीट नेऊन.

आता तुमच्यापुढची हॅचबॅक. फाइल मागून घ्या आणि घरी नेऊन बिलांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहा, आकडा सरळ चढत गेला पाहिजे, कुठे थांबला किंवा मागे आला तर विचारा. ऑइल किती अंतराने बदललंय, बेल्ट असेल तर त्याचं बिल, कूलंट, ब्रेक ऑइल. मग सकाळी गार इंजिनला जा. वर सांगितलेलं बघून झालं की तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून खालून एकदा बघा, विकणारा नाही म्हणाला तर तिथेच थांबा. निघालेल्या कामांचा अंदाज लिहून काढा आणि तो कागद समोर ठेवून भाव बोला, नुसतं 'काहीतरी कमी करा' म्हटलं की कोणी करत नाही, पण 'दोन टायर २०१५ चे आहेत आणि पुढचे ब्रेक पॅड संपलेत' म्हटलं की माणूस ऐकतो. आणि घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून त्याच फाइलमध्ये तुमचं पहिलं बिल लावा, तारीख आणि किलोमीटर टाकून.